विंडोज खरंच बंद झालं होतं का?

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स, पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) लहान-मोठं केलं, मग दुसऱ्या बाजूने माउंट केल्यावर, म्हणजे जोडून उघडल्यावर, घोटाळा. वाचकांच्या बहुतेक पत्रांत हाच गोंधळ आहे.

प्रश्न : विंडोजमधूनच सी ड्राइव्ह ६० जीबीने कमी करून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. तिथे सी फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. हायबरनेशनची फाइल उडवून माउंट कर, असं मित्र सांगतो. करू का? (कोथरूड)

नका करू. लिनक्स नकार देतंय ते तुमच्याच डेटाच्या काळजीपोटी. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शट डाउन केलं की प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा नुसता झोपतो आणि त्याची मेमरी सी ड्राइव्हवरच्या त्याच हायबरनेशनच्या फाइलीत उतरते. कोणती फाइल कुठे आहे, पार्टिशन कुठवर आहे, हे सगळं त्या मेमरीत असतं. सकाळी विंडोज तेच खरं धरून उठतं. मधल्या वेळात लिनक्समधून काही लिहिलंत, तर दोघं एकमेकांच्या नोंदींवर लिहितात आणि फाइली जातात. झोपलेल्या विंडोजचं पार्टिशन लहान करणं त्याहून घातक, कारण उठल्यावर त्याच्या लेखी जुनीच हद्द कायम असते. डी ड्राइव्हलाही हे लागू आहे. ‘मी तर शट डाउन केलं होतं’ हे वाक्य फार पत्रांत येतं, म्हणून इतकं सांगतोय.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा. आधी वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची ओळ दाबा, मगच खालची फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. मग पूर्ण शट डाउन करा. मोठ्या अपडेटनंतर ती खूण पुन्हा तपासा. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स (विंडोजचं पार्टिशन दुरुस्त करायची आज्ञा) चालवून काम भागवू नका. ते जुजबी दुरुस्ती करतं, खरी तपासणी विंडोजचं चेकडिस्कच करतं. त्यानंतरही ड्राइव्ह ‘रीड ओन्ली’च राहिला, तर आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : विंडोज लिनक्सचं पार्टिशन पाहून ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. (हडपसर)

कॅन्सल दाबा. त्याला लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) वाचता येत नाही, एवढंच.

प्रश्न : ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन कमी केलं, आता माउंट होत नाही. तपासणीत ‘सुपरब्लॉक किंवा पार्टिशन टेबल बिघडलं असावं, थांबायचं का?’ असं विचारतं. (चिंचवड)

‘हो’ म्हणा आणि थांबा. (सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य नोंद, पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी.) तुम्ही क्रम उलटा केलात. लहान करताना आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन. मोठं करताना आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम. सुटलेल्या जागेत अजून काही लिहिलं नसेल, तर पार्टिशनचा शेवट जुन्या सेक्टरवर नेऊन सगळं परत मिळण्याची चांगली शक्यता असते. हे स्वतः करू नका. आधी पूर्ण डिस्कची प्रत काढून घ्या आणि जाणकाराकडूनच करवून घ्या.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, पार्टिशन बदलायच्या त्याच्या विकतच्या सॉफ्टवेअरला बॅकअप लागत नाही. (सिंहगड रोड)

मग वीज गेली तर काय, हे त्याला विचारा. पार्टिशनची सुरुवात सरकवताना आतला सगळा डेटा हलवावा लागतो. शेकडो जीबी असतील तर तासन्‌तास जातात, आणि मध्येच खंड पडला तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे पुणेकराला सांगायला नको. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा, त्यातली एक-दोन फाइल उघडून पाहिलेली हवी. डेस्कटॉपला यूपीएस, लॅपटॉपला चार्जर. बॅकअप नको म्हणणाऱ्याच्या हातात डिस्क देऊ नका.

प्रश्न : पार्टिशन कमी करायचंय, पण बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे. (औंध)

आधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा. ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच कमी करा, लिनक्सच्या जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅममधून नाही.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी एसएसडीवरचं पार्टिशन चुकून फॉरमॅट झालं. लॅपटॉप तेव्हापासून रोज वापरतोय. (वारजे)

तीन आठवडे कशाची वाट पाहिलीत? एसएसडीवर फॉरमॅट करतानाच ‘ट्रिम’ची, म्हणजे ही जागा आता रिकामी धर अशी, सूचना जाते आणि चकती असलेल्या हार्ड डिस्कसारखा जुना डेटा बहुधा मागे उरत नाही. आजच लॅपटॉप बंद करा. काहीही इन्स्टॉल करू नका. ‘स्कॅन मोफत, फाइली परत हव्यात तर पैसे भरा’वाली सॉफ्टवेअर तर नकोच. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि मूळ एसएसडीवर नाही, प्रतीवर काम करणार असं त्याच्याकडून लिहून घ्या.