ज्यू लोक धर्मग्रंथ एकत्र बसून कसा शिकतात? आपल्याकडच्या पारायणासारखं काही असतं का?

पारायणाच्या सगळ्यांत जवळचा प्रकार म्हणजे ‘दाफ योमी’, रोज तालमुदचं, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथाचं, एक पान. फरक एवढाच की इथे नुसतं वाचून भागत नाही, ग्रंथाशी वाद घालावा लागतो. मी मूळचा ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असतो आणि कामावर जायच्या आधी सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या) अशाच एका वर्गाला बसतो, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

१९२३ साली व्हिएन्नाच्या परिषदेत रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) मेइर शापिरो यांनी ही कल्पना मांडली: जगातल्या सगळ्या ज्यूंनी एका दिवशी एकच पान शिकायचं. बाबिलोनी तालमुदची पानं २,७११, म्हणजे एका फेरीला साधारण साडेसात वर्षं. चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, ती जून २०२७ मध्ये पुरी होते.

पहिलंच पान बघा. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या ‘राशी’ नावाच्या पंडितांचं भाष्य, दुसऱ्या बाजूला ‘तोसाफोत’, म्हणजे नंतरच्या पंडितांच्या टिपा. ते लिहिणाऱ्यांत राशींचे सख्खे नातूही होते आणि आजोबांचं म्हणणं खोडून काढायला ते अजिबात कचरत नाहीत. मजकूर सुरू होतो तोच प्रश्नाने: संध्याकाळची ‘शमा’ प्रार्थना केव्हापासून म्हणायची? आणि कुठपर्यंत? रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत. बाकीचे पंडित म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, तर रब्बान गमलिएल म्हणतात पहाट होईपर्यंत. मग त्यांचीच मुलं रात्री उशिरा मेजवानीहून घरी येतात, शमा म्हणायची राहिलेली असते, आणि बापाला मुलांना निर्णय द्यावा लागतो. यावर गमारा, म्हणजे तालमुदमधला मूळ नियमांवरच्या चर्चेचा भाग, विचारते: मुळात शमा म्हणायची असते हे आधी सांगितलंय कुठे, की थेट ‘केव्हापासून’ विचारलं? आणि सकाळ सोडून संध्याकाळ आधी का? आमच्या वर्गात दोन ओळींवर अर्धा तास जातो, आणि तो फुकट गेला असं मला कधी वाटत नाही.

खरा अभ्यास मात्र ‘हव्रुता’त होतो, म्हणजे जोडीने. दोघांत एक पान, मोठ्याने वाचायचं, अडलं की एकमेकांना धरायचं. त्यामुळे बेत मिद्राशमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या दालनात, शांतता नसते, कल्ला असतो. रब्बी योहानान यांचा जोडीदार रेश लाकिश वारला तेव्हा त्यांना नवा जोडीदार दिला. तो त्यांच्या प्रत्येक विधानाला आधार काढून दाखवायचा. योहानान कळवळून म्हणाले, रेश लाकिश माझ्या एकेका वाक्यावर चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो आणि विषय उलगडत जायचा. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? तालमुदमधली ही गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे.

एकत्र जमण्याची रीत फार जुनी. बाबिलोनियात (आजच्या इराकमध्ये) सुरा आणि पुंबेदिता इथल्या विद्यापीठांत ज्यू पंचांगातल्या अदार आणि एलुल या दोन महिन्यांत गावोगावचे लोक येऊन बसत. नुसतं ऐकायचंही असतं: सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) वाचली जाते.

आम्हा बेने इस्राएलांकडे पूर्वी तालमुदची परंपरा नव्हती. एकोणिसाव्या शतकात आपल्या लोकांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रं मराठी कीर्तनांतून सांगायला सुरुवात केली. तोही सामुदायिक अभ्यासच होता, असं मी ठामपणे म्हणेन.

बायकांना तालमुदपासून लांब ठेवलं जायचं, तेही बदलतंय. जानेवारी २०२० मध्ये यरुशलेमला बायकांनी फेरी पूर्ण केल्याचा मोठा सोहळा झाला. मला त्याचा फार आनंद झाला.

तुम्हाला बघायचंच असेल तर ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर इंग्रजी भाषांतर फुकट आहे. तालमुदच्या ‘बेराखोत’ या पहिल्या भागापासून सुरुवात करा, पान १ शोधू नका, जवळजवळ प्रत्येक भाग पान २ पासूनच सुरू होतो.