आयरिश साहित्य वाचायला घेताय? मग जॉइसला हात लावू नका

सुरुवात जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीपासून करू नका. मी केली होती, साठाव्या पानाला पुस्तक कपाटात गेलं ते गेलंच.

क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (2021) घ्या. जेमतेम सव्वाशे पानं. 1985चा डिसेंबर, न्यू रॉस गाव, पाच मुलींचा बाप असलेला कोळसा-व्यापारी बिल फर्लाँग. कॉन्व्हेंटात, म्हणजे नन्सच्या मठात, माल टाकायला जातो आणि कोळशाच्या खोलीत कोंडलेली पोरगी त्याला सापडते. एका बैठकीत संपेल, पण घाई नको. नन्स तिला आत नेऊन आंघोळ घालतात, खायला देतात, तो प्रसंग दोनदा वाचा. आवाज कुणीच चढवत नाही, तरी धमकी ऐकू येते. ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुली-बायकांना कोंडून राबवणाऱ्या नन्सच्या धुलाईघरांबद्दल, म्हणजे मॅग्डलीन लाँड्र्यांबद्दल, आधीच फार शोधत बसू नका. शेवटची 1996 साली बंद झाली, एवढं पुरे.

मग ॲना बर्न्सचं ‘मिल्कमन’ (2018चं बुकर). त्यात कुणालाच धड नाव नाही. निवेदिका म्हणजे ‘मधली बहीण’. पहिली चाळीस पानं दमवतात. मोठ्याने वाचा, लय सापडते.

कवितेत शेमस हीनी हा कवी सगळेच सुचवतील, वाचाच. पण नूला नी गोनल सोडू नका. ती आयरिश भाषेतच लिहिते. ‘फेरोज डॉटर’ (1990) हा संग्रह द्विभाषिक आहे, इंग्रजी अनुवाद वेगवेगळ्या कवींचे. एका कवितेत ती आपली आशा भाषेच्या होडीत ठेवून नदीत सोडते, टोपलीतल्या बाळासारखी. डावीकडचं आयरिश कळलं नाही तरी त्यावरून नजर फिरवाच.