माथेरानच्या जुन्या हेरिटेज हॉटेलात आईवडिलांना घेऊन राहावं का? पैसे वसूल होतात का?

तुम्ही विचारलंय की आईवडील सत्तरीला आलेत, माथेरानला ब्रिटिश काळातल्या बंगल्याचं हॉटेल झालंय तिथे दोन रात्री न्यायचंय, फोटो बघून आई एकदम खूश आहे पण रेट बघून तुमचा हात थांबतोय. माझं उत्तर असं की तुमची खोली नक्की कुठल्या इमारतीत आहे हे कळल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. आम्ही हे विचारलं नाही आणि फार वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. हॉटेलचं नाव देत नाही, बंगल्यांची झालेली हॉटेलं तिथे एकाहून जास्त आहेत आणि हा प्रश्न सगळीकडेच विचारायला हवा.

जानेवारी 2024 ची गोष्ट. आईआप्पांच्या लग्नाला 40 वर्षं झाली होती. आप्पा 1971 साली शाळेच्या सहलीला माथेरानला गेले होते, सहल धर्मशाळेत उतरलेली, आणि संध्याकाळी पॉइंट बघून परत येताना सगळी पोरं या बंगल्याच्या फाटकाशी थांबली, आत लांबलचक व्हरांडा, पिवळे दिवे, वेताच्या आरामखुर्च्या आणि एक म्हातारे पारशी गृहस्थ पाय लांब करून पेपर वाचत बसलेले. वॉचमननं पोरांना हाकललं. एवढंच. पण हे आप्पांनी आम्हाला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलंय की तो व्हरांडा मला न बघताच पाठ होता. म्हणून ठरवलं की आप्पांना त्या खुर्चीत बसवायचं, दोन रात्रींचे सगळे मिळून 31 हजार भरले, आमच्या घरात एवढे पैसे राहण्यावर आधी कधी कुणी घातले नव्हते.

जाताना सगळं छान झालं. नेरळला लवकर पोचून खिडकीवर मिनी ट्रेनची तिकिटं काढली, ही गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबानं 1907 साली सुरू केलेली, दोन फुटी रूळ, 21 किलोमीटरला अडीच तास घेते पण जुम्मापट्टी, वॉटर पाइप करत करत वर जाताना आई खिडकीतून हललीच नाही. वर उतरल्यावर हातरिक्षावाले आले तर आप्पा म्हणाले माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही, मग सामान एका हमाल ताईंकडे दिलं, त्यांनी दोन बॅगा डोक्यावर आणि एक हातात घेतली आणि आमच्या पुढे चालत सुटल्या. लाल मातीचा रस्ता, वर झाडी, गाडीचा हॉर्न नाही. माथेरानमध्ये हे सुख आहेच, ते कुठलं हॉटेल देतही नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही.

फाटकातून आत गेलो आणि आप्पा थांबले. व्हरांडा तसाच होता. मी फोटो काढला त्यांचा तिथे. मग रिसेप्शनवाल्या मुलानं चावी दिली आणि आम्हाला घेऊन निघाला ते बंगल्याला वळसा घालून, किचनच्या मागून, पाण्याच्या टाक्यांच्या बाजूनं खाली, एका दुमजली इमारतीत. म्हटलं हे काय, तर म्हणे अ‍ॅनेक्स आहे सर, तुमचं बुकिंग हेरिटेज डिलक्सचं आहे, बंगल्यातल्या रूमना हेरिटेज स्वीट म्हणतात. साइटवर दोन्हींच्या खाली फोटो बंगल्याचेच होते, मी नंतर परत उघडून बघितलं.

खोलीचं दार उघडल्या उघडल्या कुबट वास. चादरी धुतलेल्या होत्या, पण वास चादरींचा नव्हताच, तो भिंतीचा होता. आमचं गावचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं आहे, कोकणात, त्यामुळे ओल म्हणजे काय हे मला नीट कळतं. पलंगाच्या वर मिनी ट्रेनचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो फ्रेम करून लावला होता, तो जरा तिरका होता म्हणून सरळ करायला हात लावला तर मागून रंगाचे पोपडे थेट उशीवर पडले. फोटो उचलून बघितला तर मागे परातीएवढा काळपट हिरवा डाग, हात लावला तर गार आणि ओलसर, आणि फ्रेमच्या काचेच्या आतूनही बुरशी चढलेली, इंजिनाचा अर्धा धूर खरा आणि अर्धा बुरशीचा. त्या भिंतीचा डाग झाकायलाच तो फोटो तिथे लावला होता हे लगेच कळलं.

इथे एक सांगतो कारण लोक म्हणतात जुनी वास्तू आहे, थोडं चालायचंच. नाही, हा वास्तूच्या वयाचा दोष नाही. जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते, जुने लोक तिला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी देत, त्यातून ओल बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि मग रंग फुगतो, पोपडे सुटतात, बुरशी धरते. माथेरानच्या पावसात तर चार महिने भिंत सुकतच नाही. आमच्या गावच्या घरात काकांनी एका खोलीला हेच केलं होतं, शेवटी सगळा गिलावा खरवडून काढावा लागला. मला मान्य आहे की माथेरानला गाड्यांना बंदी आहे, 2003 साली केंद्रानं तो सगळा पट्टाच इको सेन्सिटिव्ह झोन केलाय, गाद्या, भाज्या, सिलिंडर सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर वर न्यावं लागतं, त्यामुळे रेट खालच्यापेक्षा जास्त असणारच आणि तो मी आनंदानं देईन. पण भिंतीवर 40 इंची टीव्ही आहे आणि भिंत मात्र ओली, हे पैसे कशावर खर्च करायचे याचं ठरवलेलं उत्तर आहे.

बाकी किरकोळ. गरम पाणी सकाळी 7 ते 9, त्यातही आईच्या वेळेला कोमट. नाश्त्याला गार पोहे.

पण खरं लागलं ते संध्याकाळी. फिरून आलो, आईनं साडी बदलली, आप्पांनी शर्ट बदलला, आणि आम्ही व्हरांड्याकडे गेलो तर पायऱ्यांवर दोरी बांधलेली. कुठल्यातरी कंपनीच्या ग्रुपनं आख्खा बंगला घेतलाय, दोन्ही दिवस, व्हरांडा आणि डायनिंग हॉल फक्त त्यांच्यासाठी, तुमचं जेवण खालच्या हॉलमध्ये आहे. मी मॅनेजरना सांगितलं की आम्ही फक्त या व्हरांड्यासाठी आलोय, दहा मिनिटं बसू द्या, आप्पांचं 1971 चं सगळं सांगितलं. ते म्हणाले सर मी समजू शकतो पण ग्रुपचं अ‍ॅग्रीमेंट आहे. मी आवाज चढवायला लागलो तर आप्पांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, चल रे, आपण तेव्हाही बाहेरूनच बघितलं होतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले, पण मला आजही ते आठवलं की घशाशी येतं. रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता. आई खोकत होती, वासामुळे खिडकी उघडी ठेवली तर गाणी, बंद केली तर वास.

सकाळी सहाला दारावर टकटक झाली. बाहेर डायनिंगमधले काका उभे, साठीच्या पुढचे, त्यांनी आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं ऐकलं होतं. म्हणाले साहेबांना आणि बाईंना घेऊन या, ग्रुप आठशिवाय उठत नाही. त्यांनी दोरी सोडून ठेवली होती, दोन खुर्च्या फडक्यानं पुसून ठेवल्या होत्या, ट्रेमध्ये चहा आणि ग्लुकोज बिस्किटं. आप्पा त्या खुर्चीत बसले, हात लांब लाकडी दांड्यांवर ठेवले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, थंडी वाजत असेल, शाल घ्या. वीस पंचवीस मिनिटं बसलो असू. काकांना पैसे द्यायला गेलो तर घेईनात, म्हणाले माझे वडील इथेच होते कामाला, 71 ला असतीलच. ते कोण, काय, यापेक्षा जास्त लिहीत नाही, त्यांच्या नोकरीला त्रास नको.

निघताना मी मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली, भिंतीचे आणि साइटवरच्या फोटोंचे स्क्रीनशॉट जोडून. पुढच्या वेळी 20 टक्के सूट असा मेल आला, पैसे परत नाहीत.

तर तुमच्यासाठी. बुकिंगच्या आधी फोन करा आणि सरळ विचारा, खोली मुख्य बंगल्यात आहे की अ‍ॅनेक्समध्ये, आणि त्याच खोलीचे आजचे फोटो मागा, बेडच्या मागची भिंत दिसली पाहिजे. त्या तारखांना ग्रुप किंवा लग्न आहे का, व्हरांडा सगळ्यांना खुला आहे का हेही विचारा. पावसाळा संपल्या संपल्या जाऊ नका, ओल तेव्हा सगळ्यात जास्त, जानेवारी फेब्रुवारी बरा. वडीलधाऱ्यांना दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे गाड्या जिथे थांबवतात तिथून चालवू नका, जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल घ्या, आणि हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय त्यामुळे स्टेशनपासून पुढे इ-रिक्षा मिळेल का ते हॉटेललाच विचारून घ्या. आणि बंगल्यातली खोली, व्हरांडा खुला, हे दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. लिहून देत असतील तर पैसे जास्त असले तरी जरूर न्या आईला. नुसतं फोनवर हो हो सर म्हणत असतील तर बाजाराजवळ एखादं साधं, कोरड्या भिंतींचं लॉज बघा आणि वाचलेल्या पैशात एक दिवस जास्त राहा.