व्हेसेलियसवरचा लेख सुधारताना

चि. मित्रा,

अनेक आशीर्वाद. विकिपीडियासाठी सोळाव्या शतकातल्या आंद्रेआस व्हेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञावर तू केलेला मसुदा सावकाश वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच परिच्छेदात 'थोर', 'क्रांतिकारक', 'आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक' ही विशेषणं एकापाठोपाठ येतात आणि त्याने नेमकं केलं काय, हे वाचकाला बऱ्याच उशिरा कळतं. ती काढून टाक. नुसती हकिकत नीट सांगितलीस तरी हा माणूस मोठाच दिसणार आहे.

त्याचं मत कसं बदलत गेलं, हा मी लेखाचा कणा धरला असता. १५३८ साली त्याने व्हेनिसमध्ये शरीररचनेचे सहा मोठे तक्ते छापून घेतले. त्यांत यकृताला पाच पाळ्या आहेत आणि मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. या दोन्ही गोष्टी माणसात नसतात. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने माकडं, डुकरं, बैल यांची विच्छेदनं करून जे लिहिलं, ते तेराशे वर्षं माणसाचं म्हणून शिकवलं गेलं, आणि तेविसाव्या वर्षी व्हेसेलियसनेही तेच छापलं. पाचच वर्षांनी, १५४३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापलेल्या 'फाब्रिका' या आपल्या शरीररचनेवरच्या ग्रंथात तो म्हणतो की हे जाळं माणसात नाही. शिवाय उघड कबूल करतो, की पूर्वी लोकांसमोर माणसाचं डोकं उघडताना आपण मेंढीचं किंवा बैलाचं डोकं जवळ ठेवत असू, म्हणजे जाळं त्यात दाखवता येई! ही कबुली तुझ्या मसुद्यात नाही. मला ती साऱ्या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटते, म्हणून तिला स्वतंत्र परिच्छेद दे.

हृदयाचंही तसंच. उजव्या निलयातलं (हृदयाच्या खालच्या कप्प्यातलं) रक्त मधल्या पडद्यातल्या छिद्रांतून डावीकडे झिरपतं, असं गेलन सांगे. १५४३ च्या आवृत्तीत व्हेसेलियस डोळ्यांना न दिसणाऱ्या या वाटांबद्दल ईश्वराच्या करणीचं नवल करून पुढे जातो. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र स्पष्ट म्हणतो, की त्या पडद्यातून थेंबभर तरी रक्त कसं जाईल ते मला कळत नाही. तू नुसतं 'गेलनच्या चुका दुरुस्त केल्या' असं लिहिलं आहेस. दोन्ही आवृत्त्यांचे उतारे एकमेकांशेजारी ठेव, वाचकाला तो माणूस विचार करताना दिसेल.

खालचा जबडा मोठ्या माणसात एकच हाड असतो, दोन नव्हे, हा मुद्दा तू घेतलास ते छान. पण तिथे संदर्भ नाही. तू वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहेस, जबडा रोज हातात येतो, हे खरं. तरी विश्वकोशात आपण पाहिलेलं चालत नाही, छापील आधारच लागतो.

जिवंत सरदाराचं विच्छेदन केलं म्हणून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला शिक्षा केली आणि प्रायश्चित्त म्हणून तो जेरुसलेमला गेला, ही गोष्ट तू चरित्रात खरी म्हणून दिली आहेस. ती तिथून काढ. त्याच्या मृत्यूनंतर ती पसरली आणि तिला भक्कम पुरावा नाही. ठेवायचीच असेल तर 'आख्यायिका' असं मथळ्यातच म्हणून शेवटी ठेव. जेरुसलेमहून परतताना १५६४ मध्ये ग्रीसजवळच्या झांते बेटावर तो वारला, एवढं चरित्रात पुरे.

चित्रांखाली तू बेधडक 'चित्रकार : टिशियन' असं लिहिलं आहेस. १५३८ च्या तक्त्यांमधले सांगाडे यान फान काल्कार या चित्रकाराने काढले, हे पक्कं आहे. 'फाब्रिका'च्या चित्रांचा कर्ता अजून वादात आहे. व्हेनिसचा प्रसिद्ध चित्रकार टिशियन याच्या कार्यशाळेशी संबंध जोडला जातो, असंच म्हण.

एक गोष्ट मात्र पूर्णच राहिली आहे : व्हेसेलियसने विच्छेदन केलेली शरीरं आली कुठून? बरीचशी देहदंड झालेल्यांची होती. १५४३ मध्ये, पुस्तक छापलं जात असताना, बाझेलला याकोब कारेर नावाच्या गुन्हेगाराचा शिरच्छेद झाला. त्याच्या देहाचं विच्छेदन करून व्हेसेलियसने सांगाडा जोडला, आणि तो आजही तिथल्या शरीररचना संग्रहालयात आहे. हा मजकूर 'वारसा' विभागात कारेरच्या नावानिशी घाल, आणि सुधारलेला मसुदा विकिपीडियावर लेखाच्या चर्चा पानावर टाकण्याआधी मला पाठव.