देवघेव : पूर्वी तरी कोण वाचत होतं?

(पुस्तकं आणि वाचन यांविषयीच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतात सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल ताई.)

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमच्या घरात सध्या एकच वाद चाललाय. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. गोष्टी-कादंबऱ्या वाचणं म्हणजे निव्वळ टाइमपास, असं तिचं मत. मी म्हटलं, सगळ्यांनीच साहित्य वाचायचं सोडलं तर आपल्या संस्कृतीचं काय होईल? तर सासरे नातीच्या बाजूनं उठले. ते भजनी मंडळात आहेत. म्हणाले, "माझ्या वडलांना अक्षर येत नव्हतं, पण शे-दीडशे अभंग तोंडपाठ होते. पूर्वी तरी गावात कोण वाचत होतं? संस्कृती राहिलीच की!" मला उत्तर सुचेना. खरंच नुकसान होतं, की आम्ही मराठीचे शिक्षक उगाच गळा काढतो?

उत्तर : बाई, उत्तर सुचलं नाही ते एका परीनं बरं झालं. सासऱ्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे आणि घाईत तुम्ही तेही खोडून काढलं असतं.

१९५१च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातल्या अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. त्याच्या आधीच्या काळात आपल्या भागात काय नव्हतं? जात्यावरच्या ओव्या होत्या, भारुडं होती, सप्ताह होते, तमाशाचे फड होते. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ लावला आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. तो खेळ बघून भारावलेल्या किती जणांना अक्षरओळख होती? तेव्हा 'वाचन नाही तर संस्कृती नाही' हे निदान सांगलीत बसून तरी कुणी म्हणू नये.

आता उरलेलं निम्मं. सासऱ्यांच्या वडलांना अभंग पाठ झाले, कारण कुणीतरी वहीत बघून म्हणत होतं आणि बाकीचे मागून म्हणत होते. सप्ताहात आजही व्यासपीठावर ज्ञानेश्वरी उघडून बसणारा लागतोच. पण हा झाला किरकोळ मुद्दा. माझा खरा मुद्दा मांडवाचा आहे. मांडवात तेच म्हटलं जातं जे सगळ्या गावाला आधीच मान्य असतं. सगळे एकत्र ऐकतात, एकत्र माना डोलावतात. फार सुंदर गोष्ट आहे ती, मी स्वतः हरिपाठाला जाते. पण ज्याला त्या मांडवात बसायलाच जागा नव्हती, त्याचं दुःख त्या मांडवात कोण गाणार?

वाटेगाव तुमच्या घरापासून काही फार लांब नाही. अण्णा भाऊ साठे तिथले, शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. तुमच्या आजेसासऱ्यांसारखेच ऐकून ऐकून तयार झालेले. पोवाडा, लावणी, वग हे त्यांच्या हातचे खेळ. हजारोंच्या गर्दीपुढं बोलता येत असतानाही या माणसाला कादंबरी लिहावीशी वाटली. १९५९ला 'फकिरा' आली आणि ती त्यांनी अर्पण केली डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. वग बघताना शेजारचा जिथं हसतो तिथं आपणही हसतो. कादंबरी वाचताना मात्र माणूस एकटा असतो. रात्री कंदिलाच्या उजेडात पाटलाच्या वाड्यातला पोरगा मांगवाड्याच्या बाजूनं उभा राहिला, तर भावकीला पत्ता लागत नाही.

हे मी काउंटरवरून पाहिलेलं आहे. आमचे एक जुने वर्गणीदार होते. ऊसवाले, मोठी शेती, बोलणं तोऱ्यातलं. एकदा त्यांनी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मागितलं. फलटणच्या या बाई किराणा दुकान सांभाळता सांभाळता घरच्यांपासून लपवून लिहायच्या. पुस्तक निघालं १९८६ला. आमच्या वर्गणीदारांनीही ते तसंच लपवून नेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाला. आठवड्यानं परत आणलं. एरवी पुस्तक टेबलावर आपटून "टुकार आहे" किंवा "झकास" असा निकाल द्यायचे, त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. मी शिक्का मारला, कार्ड जागेवर लावलं. जिना उतरताना अर्ध्यात थांबून विचारलं, "ह्या बाईंचं अजून काय आहे का तुमच्याकडं?"

ते काही रातोरात बदलले नाहीत. बांधावरून भांडायचे तसेच भांडत राहिले. वाचणारी माणसं चांगलीच असतात, हा भ्रम ग्रंथपालाला परवडत नाही. आमच्याकडे एक गृहस्थ रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुनी कोण ते लिहून ठेवत. तेव्हा वाचनानं माणूस सज्जन होतो वगैरे मुलीला सांगायला जाऊ नका, ती हसेल.

नुकसान होतं ते दुसरीकडे. तुमच्याच भागाचं बघा. म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या योजना झाल्या, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, टेंभूचं पाणी आटपाडीपर्यंत गेलं. फार चांगलं झालं. पण पाणी नसताना माणदेशातला माणूस कसा उठत होता, कसा बसत होता, मेंढरं घेऊन अख्खी वाडी परागंदा कशी होत होती, हे आज पंधरा वर्षांच्या पोराला कुठून कळणार? दुष्काळाचे आकडे सरकारी दप्तरात सापडतील. वाडी ओस पडताना तिथल्या शाळामास्तराच्या पोटात काय कालवतं ते सापडेल व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त, १९५५च्या. माडगूळकर त्याच मातीतले.

आमच्या वाचनालयातली तिची प्रत मला डोळे मिटून ओळखता येईल. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी असते ना, ती भरली की तिच्यावरच दुसरी डकवायची, अशी आमची पद्धत. त्या प्रतीत चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चढून पुठ्ठा फुगला होता, पुस्तक नीट मिटत नव्हतं. सगळ्यांत वरच्या चिठ्ठीवर मात्र शिक्के मोजकेच, आणि शेवटचा २०१६चा. मी निवृत्त झाले तेव्हाही तोच शेवटचा होता.

आणि गंमत म्हणजे वाचनालय ओस पडलेलं नाही, उलट सकाळी सात वाजता जागा धरायला पोरं रांग लावतात. एमपीएससी, पोलिस भरती, तलाठी. अभ्यासिकेच्या फीवर निम्मा खर्च निघतो, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्या पन्नास खुर्च्यांतला एखादाच दिवसाकाठी देवघेवीच्या खिडकीपर्यंत येतो. २०११ला महाराष्ट्रात साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली. आपल्याकडे इतक्या माणसांना वाचता येतंय, असं याआधी कधीच नव्हतं. म्हणून सासऱ्यांच्या वडलांची आणि आजच्या न वाचणाऱ्याची तुलना मला पटत नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी कानानं साठवलं, दीडशे अभंग साठवले. आजचा पदवीधर वाचत नाही आणि त्याला पाठही काही नाही. सासऱ्यांना एवढंच विचारा, तुमच्या मंडळात चाळिशीच्या आतले किती जण आहेत? टाळ त्यांचाही रिकामाच पडलाय. तेव्हा या वादात तुम्ही दोघं समोरासमोर नाही, एकाच बाकावर आहात.

राहिली लेक. तिची परीक्षा होऊ द्या. नीटच्या वर्षात तिच्या उशाला कादंबरी ठेवलीत तर ती कादंबरीचाच राग करेल. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतात, हे तुम्ही वाचलं असेल. उपक्रम चांगलाच आहे. पण भोंगा हातातला मोबाईल खाली ठेवायला लावतो, पुस्तक हातात देत नाही. ते काम माणसालाच करावं लागतं. आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत एक गुरुजी होते. शेवटच्या तासाला गोष्ट वाचायला घ्यायचे आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटून म्हणायचे, "पुढचं वाचनालयात आहे." साडेपाचला आमच्या दारात पोरांची झुंबड, आणि प्रत एकच! तिसऱ्या आठवड्यात मी अध्यक्षांच्या मागे लागून आणखी प्रती आणवल्या. हे तुम्हाला तुमच्या वर्गात उद्यापासून करता येईल. आणि एक विचारते, रागावू नका. अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक हातात घेऊन बसलेली आई तुमच्या मुलीनं शेवटची कधी पाहिली?

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९च्या महापुरात वडलांची तीन कपाटं पुस्तकं भिजली. त्यांनी ती गच्चीवर वाळवली. आता वडील नाहीत आणि आम्ही फ्लॅटमध्ये चाललोय. एका वाचनालयात विचारलं तर नको म्हणाले. रद्दीत द्यायचं जिवावर येतंय.

उत्तर : त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती आणि खुद्द नगर वाचनालयातही पाणी शिरून पुस्तकं भिजली. तेव्हा भिजलेली पुस्तकं नको म्हणण्यामागे कारण आहे, मनाला लावून घेऊ नका. बुरशीचं एक पुस्तक कपाटात गेलं की शेजारच्यांनाही लागते.

पोती बांधून नेऊ नका. आधी यादी करा : नाव, लेखक, साल. यादी दिली की ग्रंथपालाला आपल्या दाखल नोंदवहीशी ताडून बघता येतं आणि त्यांच्याकडे नसलेली ते मागून घेतात. कुबट वास येणारी किंवा पानं चिकटलेली वेगळी काढा. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या अशा प्रती खुशाल रद्दीत घाला, त्या पुन्हा मिळतात. जपायचं ते वेगळंच असतं : शाळांच्या आणि साखर कारखान्यांच्या स्मरणिका, गावचे इतिहास, स्थानिक कवींनी पदरमोड करून काढलेले संग्रह, औदुंबरच्या संक्रांतीच्या संमेलनाचे कागद, जुने दिवाळी अंक. यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा जगात कुठंच नसते. ती कितीही डागाळलेली असली तरी सावलीत वाळवून, मऊ ब्रशनं झटकून, वेगळ्या खोक्यात ठेवा, आणि स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या प्राध्यापकांना दाखवा. वडलांनी समासात काही लिहिलेलं असेल तर ते पुस्तक मात्र कुणालाच देऊ नका.

प्रश्न : ताई, मी मिरजेहून वाशीला द्राक्षाची गाडी नेतो. रात्रभर मोबाईलवर कादंबऱ्या ऐकतो. बायको म्हणते, हे काही वाचन नव्हे. धरायचं का नाही?

उत्तर : दादा, धरायचं. १९५५ला पुणे आकाशवाणीवरून गदिमांचं गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. त्यांना कुणी विचारलं नाही, वाचलंत का म्हणून. फक्त झोप येऊ नये म्हणून लावत असाल तर निवड जरा बदला, सारख्या भुताखेताच्या गोष्टी नकोत. वर ज्या 'बनगरवाडी'बद्दल लिहिलंय ती ऐकायला मिळते का बघा. छोटीशी आहे, जाता-येता संपेल. खंबाटकीच्या घाटात मात्र बंद ठेवत चला.