चौदा लाखांचा बॉन्ड आणि रात्रीची बस

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक आहे. एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) उडवतो. घर पुण्यात विमाननगरला, बेस हैदराबादला. नोकरीला चार वर्षं पाच महिने झाले. हातात १ लाख ६५ हजार येतात. पत्नी खराडीला नोकरी करते, तिचे ६० हजार. ट्रेनिंगचं कर्ज अजून २८ लाख आहे, हप्ता ४८ हजार, त्यासाठी बाबांचा कोथरूडचा फ्लॅट तारण आहे. एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख. मोठ्या कंपनीकडून एअरबस विमान उडवायची ऑफर आली आहे. सात महिने ट्रेनिंगमध्ये ६० हजार, नंतर २ लाख ४५ हजार हातात, पण पाच वर्षांचा २५ लाखांचा बॉन्ड (मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची रक्कम). इथला बॉन्ड १४ लाख शिल्लक आहे, दर महिन्याला एक लाखाने उतरतो. तो फेडायला पर्सनल लोन घ्यावं का? इथे कमांड (कॅप्टनपद) ‘पुढच्या वर्षी’ देतो असं दोन वर्षं ऐकतोय. कॅप्टनला इथे साडेतीन लाख हातात येतात. मित्रांत यावरून रोज वाद होतो. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र चार पानांचं होतं, वर मी त्याचं सार दिलं आहे. आकड्यांपेक्षा त्यातला चहाच्या टपरीवरचा प्रसंग माझ्या जास्त लक्षात राहिला. रविवारी चौघे वैमानिक मित्र भेटता. एक म्हणतो, ‘पगार कमी असू दे, इथे विमान आपल्या हातात असतं. छोटी धावपट्टी, पावसाळी ढग, दिवसाला पाच-सहा लँडिंग, शिकायला याहून चांगली जागा नाही.’ दुसरा म्हणतो, ‘दिवसातल्या सहाव्या सेक्टरला (उड्डाणाला) हात कुणाचा चालतोय तेच कळत नाही.’ तिसरा मोठ्या कंपनीत गेलेला. त्याचे पैसे बरे झाले, पण रात्री आखाताकडे जाताना आपण ऑटोपायलटचे पहारेकरी झालोय असं त्याला वाटतं. चौथे तुम्ही, दोन्ही बाजूंनी मान डोलावणारे.

माझ्या मते तिघेही खरं बोलताहेत. कारण ते तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, आणि तुमच्याही पत्रात त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. गाठोडं सोडल्याशिवाय हिशोब लागणार नाही.

आधी बॉन्ड, कारण तिथे तुमचा आकडाच चुकलाय. सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक नियामकाचा, २०१७ चा नियम तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही पाठवलेल्या कराराच्या फोटोत, अंगठ्याच्या सावलीखाली, एक ओळ आहे : उरलेली रक्कम ‘कामाच्या शेवटच्या दिवशी’ जितकी असेल तितकी. म्हणजे आज राजीनामा दिलात तर नोटिशीचे सहा महिनेही बॉन्ड उतरत राहणार. तुम्हाला भरायचे आहेत आठ लाख, चौदा नाही. पर्सनल लोनचा विषय इथेच संपला. तरी ती ओळ एचआरकडून ईमेलवर कबूल करून घ्या, तोंडी नको.

आता आज आणि पुढचा महिना यांतला फरक बघा. आज राजीनामा दिला तर शेवटचा दिवस चार वर्षं अकरा महिन्यांवर येतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. चार वर्षं २४० दिवसांवरही हक्क मिळतो असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण कंपनीने तो मान्य करेपर्यंत तुम्ही वकिलाच्या पायऱ्या झिजवणार. महिनाभर थांबलात तर प्रश्नच उरत नाही. तुमचं बेसिक ७० हजार आहे. त्याचे २६ भाग करून १५ घ्या आणि पाचने गुणा : दोन लाख दोन हजार. शिवाय बॉन्ड एक लाखाने कमी. म्हणजे ऐंशी हजारांची वाढ महिनाभर लांबली, ते वजा करूनही दोन लाख बावीस हजार जमेला. एवढा चांगला महिना तुमच्या नोकरीत पुन्हा यायचा नाही. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) पुढे न्या.

त्यापुढे अजून सात महिने थांबलात तर राजीनाम्याची मुदत संपेल तेव्हा बॉन्ड शून्य होतो. सात लाख वाचतात, पण नव्या नोकरीचे ऐंशी हजार सात महिने उशिरा, म्हणजे पाच लाख साठ हजार जातात. निव्वळ फायदा एक लाख चाळीस हजार. खरं सांगायचं तर एवढ्यासाठी कुणाला न आवडणाऱ्या नोकरीत सात महिने बसवायला माझी जीभ रेटत नाही. थांबायचं असेल तर कारण दुसरं हवं.

ते कारण कमांड आहे. एअरबसवर सहवैमानिक म्हणून २ लाख ४५ हजार, इथे कॅप्टन म्हणून साडेतीन लाख. फरक महिन्याला एक लाख पाच हजार, वर्षाला साडेबारा लाखांच्या वर. तिकडे तुम्ही सिनिऑरिटीच्या यादीत तळाला, कॅप्टनच्या डाव्या सीटला किती वर्षं लागतील ते ऑफर देणारेही लिहून देणार नाहीत. आणि कॅप्टन म्हणून तास जमवून दोन वर्षांनी मोठ्या कंपनीचं दार ठोठावलंत, तर ते दार वेगळं असतं. इथवर तुमच्या पहिल्या मित्राची बाजू पैशांतही खरी ठरते.

पण पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, तुम्ही लिहिलंय : ‘(एटीपीएलचा एक पेपर राहिलाय, रोस्टरमुळे जमत नाही.)’ अहो, हा कंस आहे की भुयार? एटीपीएल म्हणजे कॅप्टनला लागणारं लायसन्स. तुमचे १९०० तास झाले, त्याला लागणारे १५०० कधीच ओलांडले. एटीपीएल नसताना कंपनीने उद्या मनात आणलं तरी ती तुम्हाला कमांड देऊ शकत नाही. दोन वर्षं ‘पुढच्या वर्षी’ ऐकताय, यातला दोष सगळा समोरच्यांचा नाही. त्या पेपरात पास व्हायला लागणाऱ्या सत्तर टक्क्यांइतकी किंमत तुमच्या एकाही म्युच्युअल फंडाला नाही. पुढचा पेपर द्या, सुट्टी लागली तर बिनपगारी घ्या.

पेपर सुटला की चीफ पायलटकडे कमांड ट्रेनिंगची तारीख लेखी मागा. सोबत दोन गोष्टी विचारा : त्यासाठी नवा बॉन्ड आहे का, आणि हमीच्या तासांवर (उड्डाणं कमी झाली तरी ज्यांचा पगार मिळतोच त्या तासांवर) कॅप्टनला किती मिळतं. साडेतीन लाख हा जादा तास धरून सांगितलेला आकडा असेल तर तो तुमचा नाही, नशिबाचा आहे. एअरबसच्या ऑफरलाही हाच प्रश्न. लक्षात ठेवा, कॅप्टन झालात की नोटीस सहा महिन्यांवरून एका वर्षावर जाते. बढतीच्या पेढ्यांच्या गडबडीत हे कुणी सांगत नाही.

आता बस. तुम्ही लिहिलंय की स्टाफ तिकिटावर सीट मिळाली नाही की स्लीपर बसने दहा तास येता, युनिफॉर्म हँगरसकट खिडकीला अडकवून, आणि तसेच परत जाता. डीजीसीएच्या नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. त्यातले २० तास तुम्ही सोलापूरच्या रस्त्यावर घालवता आणि थकव्याचा सगळा दोष रोस्टरला देता. रोस्टर जड आहे, मान्य. पण ते तिकडेही हलकं नसेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांचा दुसरा टप्पा आला, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द होऊन काही तरतुदींना तात्पुरती सूट द्यावी लागली. नियम कागदावर आला म्हणून रोस्टरवर आला असं होत नाही. शिवाय नव्या ऑफरमध्ये बेस ‘कंपनीच्या गरजेनुसार’ आहे. म्हणजे बॉन्ड भरून, नवा बॉन्ड गळ्यात घालून, तुम्ही दुसऱ्या शहराच्या बसमध्येही बसू शकता.

मग उपाय? तुमचा घरखर्च मी मांडला. दोघांचे मिळून २ लाख २५ हजार येतात. भाडं ३२, हप्ता ४८, घर आणि मुलीची शाळा ५५, हैदराबादची खोली ९ आणि एसआयपी ४० हजार. उरलेले ४१ हजार कुठे जातात ते तुम्हालाही सांगता आलेलं नाही. त्यातले पंधरा हजार दर महिन्याला विमानाच्या पक्क्या तिकिटासाठी बाजूला काढा. वैमानिकाने पैसे मोजून प्रवासी म्हणून बसायचं, याचं तुम्हाला हसू येईल. पण बॉन्ड शून्य होईपर्यंतच्या चौदा महिन्यांचे होतात दोन लाख दहा हजार. झोप विकत घ्यायचा याहून स्वस्त भाव मला दिसत नाही.

हे मी पुन्हा पुन्हा सांगतोय त्याचं कारण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य : मेडिकलला यंदा बीपी दोनदा घ्यावं लागलं. घरातली सगळ्यात मोठी मालमत्ता कोथरूडचा फ्लॅट नाही, तुमचा क्लास वन मेडिकल, म्हणजे उडवायला लागणारा आरोग्याचा दाखला आहे. तो ६५ व्या वर्षापर्यंत चालला तर ३४ वर्षांची कमाई. तो अडला तर २८ लाखांचं कर्ज आणि बाबांचं घर बँकेच्या फाइलमध्ये. कंपनीचं लॉस ऑफ लायसन्सचं (मेडिकलमुळे लायसन्स गेलं तर भरपाईचं) गट कव्हर आहे म्हणता, पण ते नोकरीसोबत संपतं. नव्या कंपनीचं कव्हर ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून की रुजू झाल्यावर, हे विचारा. वाढलेल्या बीपीच्या नोंदी होत गेल्या की बाहेर कुणी स्वस्तात विमा देत नाही. त्यामुळे स्वतःची टर्म पॉलिसी याच महिन्यात, आणि अर्जात बीपीचं खरं लिहून.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, हा युक्तिवाद तुमच्या पत्नीने केलाय. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तिन्ही लहान नव्हत्या. पण प्रादेशिक कंपनीचा धोका वेगळा आहे, तोही नाकारत नाही. उडानचं, म्हणजे लहान शहरं जोडणाऱ्या सरकारी विमान योजनेचं, अनुदान एका मार्गाला तीन वर्षं असतं, आणि ते संपल्यावर कितीतरी मार्ग बंद पडले. तुमच्या कंपनीचे किती मार्ग अनुदानावर आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पगार एकदा जरी पंधरा दिवस उशिरा झाला तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी राजीनामा द्या.

तर मी असं करेन. आज राजीनामा नाही. ऑफर देणाऱ्यांकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागून बघा. वैमानिकांची गरज सगळ्यांनाच आहे, विचारायला पैसे पडत नाहीत. आठ महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर पेपर सुटला आणि कमांडची तारीख कागदावर आली तर थांबा. पेपर सुटूनही कागद आला नाही तर त्या दिवशी राजीनामा, कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता. नोटीस संपेल त्या वेळी बॉन्ड शून्य असेल आणि १५ लाख जागेवर असतील. ट्रेनिंगच्या काळात हैदराबादची खोली जाईल, एसआयपी थांबेल आणि महिन्याला पंधरा हजारांची तूट येईल. ट्रेनिंग सातचं बारा महिने झालं तरी एफडी ते सहज पेलेल.

मधेच पुढचं मेडिकल येईल. बीपी वर गेलं आणि डॉक्टरांनी कामाच्या वेळांकडे बोट दाखवलं, तर ते एक लाख चाळीस हजार विसरा आणि निघा. तेव्हा उरेल तो बॉन्ड म्युच्युअल फंडातून भरा. नवी कंपनी तो जॉइनिंग बोनस म्हणून भरून देते म्हणाली, तर त्यावर पगारासारखाच कर लागतो हे धरून बोला.

राहिला तुम्ही घेऊ पाहताय तो खराडीचा फ्लॅट, ज्याचा उल्लेख पत्राच्या ताजा कलममध्ये आहे. टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर बिल्डरची पावती आणि अर्ज घेऊन शनिवारी ऑफिसला या. करार नोंदवलेला नसेल तर बोलायला जागा आहे.