प्रश्नावली गावात नेण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. बायकांच्या कामावरच्या प्रबंधासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते, पण 'घरातील स्त्री काम करते का? होय / नाही' हा प्रश्न आधी काढून टाक. ऐन काढणीत तू कांद्याच्या पट्ट्यात जाणार. ओट्यावर बसलेला घरधनी सहज म्हणेल, "नाही, ती घरीच असते." आणि ती तेव्हा वावरात पात कापत असेल. तो काही खोटं बोलत नाही. मजुरी हातात पडली तरच ते काम, असं तो धरून चालतो. सावडीने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या बोलीवर, शेजारणीच्या रानात गेलेल्या बाईला तर त्या दिवशी रोख काहीच मिळत नाही. म्हणजे तुझ्या कागदावर ती दिवसभर रिकामी! असे 'नाही' तक्त्यात गेले, की धोरण आखणाऱ्यांना ती दिसतच नाही.

त्यापेक्षा कालचा दिवस विचार, आणि तिलाच विचार. उठल्यावर आधी काय केलंस? मग? पाणी कोणी भरलं, शेण कोणी काढलं? २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, ती अशीच: आदल्या दिवशी पहाटे ४ पासून २४ तास, अर्ध्या-अर्ध्या तासाने. भाकरी थापता थापता ती पोराचा अभ्यासही घेत असेल, तर दोन्ही लिही. सासू किंवा नवरा जवळ बसला की उत्तरं बदलतात. म्हणून त्या वेळी तिथे कोण होतं, याचीही नोंद ठेव. टिपणं त्याच रात्री पूर्ण कर. उद्यावर टाकलीस, तर तिचे शब्द जाऊन तुझेच उरतील.

आणि पाहणीसाठी तू वीस गावं धरलीस, ती कशाला? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर हे एकच गाव धरलं. १९१७ साली तो अभ्यास छापून आला. सरासरी जमीनधारणा १७७१ मधल्या ४० एकरांवरून १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हे त्यांना जुन्या कागदांमुळे मांडता आलं. नुसत्या मुलाखतींतून ते कुठून कळणार? तूही सातबारा आणि फेरफार बघ. वावरात राबणाऱ्या बाईचं नाव त्यावर आहे का, एवढं जरी घरोघर तपासलंस तरी प्रबंधाला वजन येईल.

आधी दोन घरांत चाचणी घे. कुठला प्रश्न अडला ते मला कळव, मग बाकीचं ठरवू.

तुझे सर